श्वासातून पसरणारी साथ : पहिला महिना हातचा जाऊ देऊ नका

(गळीत हंगामापूर्वी धारूर तालुक्यातील शेतकरी व ऊसतोड कामगार कुटुंबांच्या बैठकीत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कपाशी वेचणीला आली आहे, सोयाबीन खळ्यावर पडले आहे आणि इथल्या बऱ्याच घरांची उचल घेऊन झाली आहे. दिवाळी झाली की टोळ्या निघतील. अशा घाईत आजारपणाचा विषय कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. त्यातून मी पडलो गुरांचा डॉक्टर. माणसाला कोणते औषध द्यावे हे मी सांगणार नाही, ते आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे काम आहे. परंतु साथ कशी चालते आणि ती कोठे अडवता येते, हे आम्हा जनावरांच्या डॉक्टरांना नेहमीच पाहावे लागते. तेवढ्यापुरतेच आज बोलणार आहे.

आपल्याला ठाऊक असलेल्या रोगापासून सुरुवात करू. लाळ-खुरकूत. हा विषाणूचा रोग आहे. तोंडात फोड येतात, खुरात जखमा होतात, लाळेच्या तारा लोंबतात. पण जनावर लाळ गाळायला लागण्याआधीच त्याच्या श्वासातून, दुधातून विषाणू बाहेर पडू लागलेला असतो. म्हणजे बाजारातून आणलेला बैल दिसायला ठणठणीत असतो, चारा खातो, आणि तरीही शेजारच्या जनावराला रोग देत असतो. म्हणून जाणता शेतकरी नवे जनावर आणले की ते एकदम दावणीला बांधत नाही. दोन-तीन आठवडे वेगळे बांधतो, त्याची बादली वेगळी ठेवतो, आणि आधी घरच्या गुरांना चारापाणी करून मग त्याच्याकडे जातो. बैल आजारी आहे म्हणून नव्हे, तर आजारी आहे की नाही हे अजून कळलेले नाही म्हणून.

माणसाच्या श्वासातून पसरणाऱ्या विषाणूचेही असेच आहे. कोरोनाची लागण झाल्यावर लक्षणे दिसायला २ ते १४ दिवस लागत, बहुतेकांना ५ दिवसांच्या आसपास. लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच तो माणूस दुसऱ्याला रोग देऊ शके. फ्लूमध्ये हा काळ आणखी लहान, १ ते ४ दिवस, आणि तोही ताप येण्याच्या सुमारे एक दिवस आधीपासून पसरतो. त्यामुळे ‘मला काही झाले नाही’ या वाक्याला साथीच्या दिवसांत फारसा अर्थ उरत नाही. काही झाले आहे की नाही, ते चार-पाच दिवसांनी कळणार असते.

आता आकड्यांचे पाहू. साथ सुरू झाली की पहिले काही दिवस वर्तमानपत्रात लहान आकडे येतात. जिल्ह्यात रुग्ण शून्य, शेजारच्या जिल्ह्यात पाच. माणूस म्हणतो, पाचच तर आहेत. पण आज ज्यांचा अहवाल आला त्यांना लागण आठवडाभर आधी झालेली असते. मधल्या दिवसांत ते एसटीने फिरले, लग्नाला गेले, बाजार केला. समजा रुग्णांची संख्या दर चार दिवसांनी दुप्पट होते. मग २८ दिवसांत सात वेळा दुप्पट होऊन पाचाचे ६४० होतात. ६४० झाल्यावर जो माणूस सावध होतो, तो रान वाळल्यावर मोट जोडतो. तोंड झाकणे, अंतर ठेवणे, गर्दी टाळणे हे उपाय रुग्ण पाच असताना जितके कामाला येतात, तितके ते ६४० असताना येत नाहीत. आणि या पहिल्या महिन्यात नव्या रोगावर लसही नसते, खात्रीचे औषधही नसते. आपल्या देशात कोरोनाचा पहिला रुग्ण ३० जानेवारी २०२० रोजी केरळात सापडला आणि लसीकरण सुरू झाले ते १६ जानेवारी २०२१ रोजी. मधले वर्षभर आपल्या हातात वागणूक एवढेच साधन होते.

आपल्या बीड जिल्ह्याची गोष्ट या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी आहे. ९ मार्च २०२० रोजी पुण्यात राज्यातील पहिले रुग्ण आढळले. बीड ते पुणे म्हणजे एसटीचा एका दिवसाचा प्रवास, आणि आपली कितीतरी मुले तिकडे कामाला. तरीसुद्धा मे महिन्याच्या मध्यापर्यंत आपला जिल्हा जवळजवळ कोरा राहिला. एप्रिलमध्ये आष्टी तालुक्यातील एक जण शेजारच्या नगर जिल्ह्यात तपासणीत बाधित आढळला आणि बरा झाला, एवढेच. जिल्ह्याच्या सीमेवर नाके लागले होते, बाजार मोजक्या तासांपुरते उघडत. हा दीड-दोन महिन्यांचा अवधी आपल्याला मिळाला. मेच्या मध्यावर गेवराई आणि माजलगाव तालुक्यांत बाहेरून आलेल्यांमध्ये रुग्ण सापडू लागले, आणि मग जे व्हायचे ते झाले. पण त्या मिळालेल्या अवधीत दवाखान्यांत खाटा वाढल्या, डॉक्टरांना रोगाचा थोडा अंदाज आला. आधी घशातील नमुने तपासायला औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला जात. पुढे ती सोय अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात झाली. साथ पुढे ढकलली गेली याचा फायदा हा असा असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून लोक म्हणतात, ‘उगीच एवढे केले, काही झालेच नाही.’

आणि काही झाले नाही म्हणून जो सैल पडतो, त्याला दुसरी लाट गाठते. १९१८ सालची इन्फ्लुएंझाची साथ जूनमध्ये मुंबईच्या गोदीकडून आली. १० जून रोजी तापाने आजारी पडलेले सात पोलीस शिपाई दवाखान्यात दाखल झाले, ही तिची पहिली नोंद. ती लाट त्या मानाने सौम्य होती. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ती परत आली तेव्हा एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे गेली. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. अंगात ताप आणि घरात दाणा नाही, अशी स्थिती होती. रोग रेल्वेच्या वाटेने आत आत गेला. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याची लोकसंख्या १९११ ते १९२१ या दहा वर्षांत वाढण्याऐवजी घटली. २०२१ चा अनुभव तर आपल्या समोरचा आहे. एप्रिल २०२१ मध्ये अंबाजोगाईत आठ जणांना एकाच चितेवर अग्नी द्यावा लागला. त्याविषयी अधिक बोलत नाही. इथे बसलेल्यांपैकी अनेकांच्या घरातले माणूस त्या वर्षी गेले आहे.

तेव्हा मुद्द्यावर येतो. नवी साथ सुरू झाल्याची बातमी कानावर आली आणि आपण कारखान्यावर असलो, किंवा गावी असलो, तर काय करावे?

सर्वात आधी हवा. हा रोग मुख्यतः श्वासातून पसरतो. खोकताना, शिंकताना आणि मोठ्याने बोलतानाही तोंडातून बारीक तुषार उडतात. त्यातले जड तुषार दोन-तीन हातांवर खाली पडतात. अगदी बारीक कण मात्र बंद जागेत बिडीच्या धुरासारखे तरंगत राहतात. बिडीचे उदाहरण मुद्दाम देतो. उघड्या रानात कोणी बिडी ओढली तर दहा हातांवर वास येत नाही. बंद खोलीत एकाने ओढली तर सगळ्यांच्या नाकात जातो. जिथे बिडीचा वास येईल तिथे विषाणूही येईल, असा ठोकताळा बांधावा. यावरून एक दिलासाही मिळतो. उसाच्या फडात, कपाशीच्या रानात उघड्यावर काम करताना धोका कमी आहे. धोका आहे तो ट्रकच्या हौद्यात ताडपत्री ओढून चाळीस माणसे बसतात तिथे, काच बंद केलेल्या जीपमध्ये, आणि रात्री कोपीत.

कोपीबद्दल थोडे जास्त सांगतो, कारण शासनाच्या सूचनापत्रकात ‘स्वतंत्र खोलीत राहावे’ असे छापलेले असते आणि कोपीत खोली नसते. बांबू, चटया आणि प्लॅस्टिकचा कागद, आत नवरा-बायको, दोन लेकरे, कधी म्हातारी. तिथे एवढे करता येते : कोप्या उभारतानाच दोन कोप्यांत आठ-दहा हातांचे अंतर सोडावे आणि तोंडे समोरासमोर ठेवू नयेत. मागच्या बाजूला वरच्या अंगाला हातभर जागा उघडी ठेवावी, म्हणजे वारा आरपार जाईल. थंडीत हे जड जाते, हे मी जाणतो. पण पांघरूण वाढवावे, वारा अडवू नये. घरात कोणाला ताप-खोकला आला तर त्याचे अंथरूण दाराशी, वाऱ्याच्या खालच्या अंगाला घालावे, आणि त्याचे पाहायला एकाच माणसाने जावे. टोळीत जागा असेल तर मुकादमाकडून एक कोपी आजाऱ्यासाठी म्हणून जास्तीची उभारून घ्यावी. चार बांबूंचा खर्च आहे. एक कोयता आजारी पडला तर मुकादमाचे थोडे नुकसान होते, पण अख्खी टोळी पडली तर फड तसाच उभा राहतो. हा हिशेब मुकादमाला लगेच कळतो.

भजनाविषयी सांगितले तर काहींना राग येईल. परंतु अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात १० मार्च २०२० रोजी एका गायकमंडळाची तालीम झाली. ६१ माणसे एका सभागृहात अडीच तास गात होती. त्यांतील ५३ जण आजारी पडले आणि दोघे दगावले. त्यांनी हात मिळवले नव्हते, हात धुण्याची सोयही केली होती. मोठ्याने गाणे, बंद जागा आणि जास्त वेळ या तीन गोष्टी एकत्र आल्या. आपल्याकडच्या सप्ताहातही याच तीन गोष्टी एकत्र येतात. म्हणून साथीची चाहूल लागली असताना सप्ताह करायचाच झाला तर मंदिराच्या गाभाऱ्यात किंवा सभामंडपात न करता पारावर, उघड्यावर करावा. वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, त्या वेळी हात धुवावेत. पंगत उठवून शिधा घरी न्यावा. वारकऱ्यांनी २०२० मध्ये आषाढीची पायी वारी थांबवली आणि मानाच्या पादुका एसटी बसने पंढरपूरला गेल्या. एवढ्या मोठ्या परंपरेला हे जमले, तर गावच्या सप्ताहाला जमायला हरकत नाही.

तोंड झाकण्याबाबत. आपल्याकडे उपरणे, गमछा, पदर हे सगळे आहे. पण एकेरी विरळ कापड फारसे अडवत नाही. घट्ट विणीच्या सुती कापडाचे तीन पदर असावेत. दवाखान्यात जायचे असेल किंवा आजाऱ्याजवळ बसायचे असेल, तर औषधाच्या दुकानात मिळणारा एन-९५ मास्क वापरावा, तो बारीक कण अडवतो. नाक उघडे ठेवून तोंड बांधणे म्हणजे खोपटाला दार लावून कूड उघडा ठेवण्यासारखे आहे. मास्क समोरून हाताळू नये, मागच्या दोऱ्या धरून काढावा. कापडी असेल तर रोज साबणाने धुऊन उन्हात वाळवावा. आजारी माणसाने मास्क बांधला तर दोघांचाही उपयोग होतो, हे विशेष.

हात धुण्यासाठी साधा साबण उत्तम. कोरोना आणि फ्लू या दोन्ही विषाणूंवर चरबीचे पातळ आवरण असते. तुपाने माखलेले भांडे नुसत्या पाण्याने निघत नाही, साबणाने निघते. तसेच साबणाने हे आवरण सुटते आणि विषाणू निकामी होतो. मात्र २० सेकंद चोळावे लागते. सॅनिटायझर घ्यायचा तर त्यात निदान ६० टक्के अल्कोहोल असावे, आणि तो हाताला लावून लगेच चुलीपुढे बसू नये. अल्कोहोल पेट घेते.

आणि ती तंबाखू! एक जण तळहातावर मळतो आणि चिमूट चौघांच्या ओठाखाली जाते. तांब्या एकच, तोंड लावून पिणारे सहा. साथीच्या दिवसांत आपापली पुडी आणि आपापली बाटली ठेवावी. सोडली तर फारच चांगले, पण आज तो माझा विषय नाही.

आता फवारणीविषयी. हे मला शेतकऱ्यांना आवर्जून सांगितले पाहिजे. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये गावोगाव ट्रॅक्टरवरचे फवारे बाहेर निघाले आणि रस्ते, भिंती, झाडे, काही ठिकाणी तर माणसेसुद्धा सोडियम हायपोक्लोराइटने फवारली गेली. उत्तर प्रदेशात बरेली येथे परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून अंगावर औषध मारले गेले. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने १८ एप्रिल २०२० रोजी माणसांवर अशी फवारणी करू नये, असे स्पष्ट कळवले. हे द्रावण डोळ्यांना आणि कातडीला इजा करते, श्वासाला त्रास देते, आणि शरीराच्या आत गेलेल्या विषाणूचे काहीच बिघडवत नाही. रस्त्याची धूळ धुऊन साथ थांबत नाही, कारण साथ रस्त्यावर नसते, माणसांच्या श्वासात असते. दाराच्या कड्या, नळाची तोटी, दवाखान्यातील बाकडे पुसण्यासाठी १ टक्का द्रावण योग्य आहे. त्यासाठी तणनाशकाचा पंप वापरू नये; पंपात उरलेला अंश माणसाला आणि पिकाला, दोघांनाही घातक. पंप शेतासाठीच राहू द्या.

गावाकडे परतण्याचा प्रश्न सर्वात नाजूक आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा आपली माणसे पश्चिम महाराष्ट्रातल्या फडांवर अडकली. काहींना कारखान्यांनी थांबवून घेतले, काही रातोरात निघाले आणि नाक्यावर अडले. १७ एप्रिल २०२० रोजी शासनाने, आरोग्य तपासणी करून त्यांना गावी पोचवण्याचा निर्णय दिला. गावात आल्यावर पुन्हा अलग राहायचे होते. कोठे बाभळीच्या काट्या टाकून गावाच्या वाटा बंद केलेल्या होत्या. काट्या टाकणाऱ्यांची भीती खोटी नव्हती. गावात म्हातारी माणसे आणि मागे ठेवलेली लेकरे होती. पण काट्यांनी माणूस अडत नाही, तो आडवाटेने रात्री येतो आणि मग आल्याचे लपवतो. लपवलेला माणूस आजारी पडला तर दवाखान्यातही जात नाही. यापेक्षा जुनी रीत बरी होती. प्लेगच्या काळात लोक गाव सोडून रानात खोपटी घालून राहत. कोणी कोणाला वाळीत टाकले असे त्यात नव्हते, सगळेच रानात होते. आज अनेकांचा शेतात आखाडा आहे, पाण्याची सोय आहे. परतणाऱ्या कुटुंबाने गावात न शिरता १४ दिवस आखाड्यावर राहावे. ज्यांना शेत नाही त्यांच्यासाठी ग्रामपंचायतीने शाळेच्या खोल्या आधीच झाडून ठेवाव्यात, आणि तिथे पाणी, संडास व दिवा आहे की नाही हे सरपंचाने स्वतः जाऊन पाहावे. शिधा घरच्यांनी बांधावर ठेवून यावा. आशाताईंनी रोज लांबून चौकशी करावी. वेगळे ठेवलेल्याच्या घरचे पाणी-दूध बंद करणे हा प्रकार मात्र गावाने होऊ देऊ नये. पुढचा परतणारा मग कशाला खरे सांगेल?

ताप आला तर काय? बहुतेक लोक विश्रांती, भरपूर पाणी, पेज आणि तापासाठी पॅरासिटामॉल एवढ्यावर बरे होतात. जंतुनाशक गोळ्या विषाणूवर चालत नाहीत. दुकानदाराने दिल्या म्हणून घेऊ नयेत. स्टिरॉइडच्या गोळ्या तर डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय कदापि नकोत. मधुमेही माणसाला त्या विशेष महागात पडतात. दम लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे, माणूस गुंगीत जाणे, बोटाला लावायच्या यंत्रावर प्राणवायू ९४ च्या खाली जाणे, यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा. गरोदर बाई, साठीच्या पुढचे माणूस, दमेकरी आणि मधुमेही यांना साध्या तापातही लवकर दाखवावे. २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला, त्या साथीत गरोदर स्त्रियांना मोठा त्रास झाला होता. फ्लूवर औषध आहे, पण ते पहिल्या ४८ तासांत सुरू केले तर जास्त लागू पडते. फड सुटत नाही, खाडा पडतो म्हणून तीन दिवस अंगावर काढले की ही संधी गेली.

जाता जाता माझ्या खात्यातले एक काम आपल्यावर सोपवतो. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे सुमारे ८०० कोंबड्या बर्ड फ्लूने मेल्या. जानेवारी २०२५ मध्ये आपल्या शेजारी उदगीरला कावळे मरून पडले, तोही बर्ड फ्लूच निघाला. अमेरिकेत २०२४ पासून हा विषाणू दुभत्या गाईंत शिरला आहे. माणसांत तो सहजी पसरत नाही. पण पक्ष्यांतून, जनावरांतून येणारी नवी साथ सर्वात आधी पाहणारा माणूस कोण असेल? कोंबड्यांचे खुराडे उघडणारी बाई असेल, शेतात मेलेला कावळा पाहणारा गडी असेल. म्हणून एकाच वेळी बऱ्याच कोंबड्या किंवा पक्षी मेले तर त्यांना उघड्या हाताने उचलू नये, ओढ्यात फेकू नये, आणि मरायला टेकलेली कोंबडी कापून खाऊ नये किंवा स्वस्तात विकू नये. त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. कळवल्याने कोंबड्या जातील या भीतीने कळवले जात नाही, हे मला माहीत आहे. साथग्रस्त क्षेत्रात शासनाने मारलेल्या पक्ष्यांना भरपाई मिळते. आधीच मेलेल्यांना मिळत नाही. म्हणजे उशीर केला तर कोंबड्याही जातात आणि पैसेही.

निघण्यापूर्वी प्रत्येक टोळीने एका पेटीत साबणाच्या वड्या, कापडी मास्क, तापमापक, पॅरासिटामॉल आणि क्षारसंजीवनीची पाकिटे ठेवावीत. कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राचा आणि आपल्या गावच्या आशाताईंचा फोन क्रमांक मुकादमाने वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावा. मोबाईल उतरला तरी वही राहते. सहा महिन्यांवरच्या लेकरांच्या आणि म्हाताऱ्यांच्या फ्लूच्या लसीबद्दल आरोग्य केंद्रात आताच विचारून घ्यावे, कारण लस घेतल्यावर तिचा असर यायला दोन आठवडे लागतात.

मला एवढेच सांगायचे होते. कोप्यांच्या रचनेबद्दल मागे बसलेल्या भगिनींना काही विचारायचे आहे असे दिसते. त्यांनी पुढे यावे, फळ्यावर काढून दाखवतो.